हा नियम नेमका कोणाचा? – शाळा आणि घर : वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये या सदराकडे येणारी पत्रं प्रवेश, गणवेश आणि वह्यांची असतात. ऑगस्ट उजाडला की तक्रारी सुरू होतात. या वेळी निवडलेली पत्रं पहिली ते पाचवीच्या पालकांची, आजी-आजोबांची आहेत. ती वाचताना जाणवलं, की शाळेतून आलेली प्रत्येक सूचना घरी ‘नियम’ म्हणूनच घेतली जाते. वास्तविक त्यात तीन प्रकार असतात. काही गोष्टी कायद्यातल्या असतात, मुख्यतः १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातल्या. त्या शाळेलाही बदलता येत नाहीत. काही शासन निर्णय आणि धोरणांमधून येतात, त्यात कधी कधी सवलत मिळते. उरलेली शाळेची स्वतःची पद्धत असते आणि ती पालकसभेत बोलून बदलता येते. कोणाशी बोलायचं, हे त्यावरूनच ठरतं.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे, शाळा सकाळी ७.१०ला भरते. चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवायची नाही असा नियम आहे ना? मोठी मुलगी त्याच शाळेत पाचवीत आहे, तिलाही तो लागू होतो का? – पालक, डोंबिवली

हा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४चा आहे. पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असं तो सांगतो. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं कारण. पाचवी त्यात येत नाही, त्यामुळे मुलीच्या वर्गाची वेळ शाळा आपल्या सोयीनं ठेवू शकते.

मात्र एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक अशा दोन पाळ्या चालत असतील आणि वेळ बदलणं खरोखरच अवघड असेल, तर शाळा शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव देऊन परवानगी घेऊ शकते. म्हणून मुख्याध्यापकांना ‘तुम्ही नियम मोडताय’ असं ऐकवण्याआधी ‘सकाळच्या वेळेसाठी परवानगीचं पत्र आहे का?’ एवढं लेखी विचारा. पत्र असेल तर विषय संपला. नसेल तर पालक-शिक्षक संघामार्फत अर्ज द्या. एकट्या पालकाच्या अर्जाला ‘बाकी कोणाची तक्रार नाही’ हे ठरलेलं उत्तर मिळतं.

‘वेळ बदलली तर तास कमी पडतील’ हे शाळेचं म्हणणं मात्र फारसं टिकत नाही. पहिली ते पाचवीसाठी कायद्यात वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. नऊला सुरू होणाऱ्या शाळेत ते आरामात बसतात. खरी अडचण बसच्या फेऱ्यांची असते आणि तिच्यावर बसून तोडगा काढता येतो.

प्रश्न : नातू तिसरीत आहे. परिपाठाला पाच मिनिटं उशीर झाला तरी फाटक लावतात आणि परिपाठ संपेपर्यंत मुलं रस्त्यावर उभी राहतात. शिस्त हवी हे मान्य, पण हे बरोबर आहे का? आणि हल्ली परिपाठात नक्की काय असतं? – एक आजी, वाई

बरोबर नाही. कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. आठ वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत बाहेर ठेवणं त्यात बसतं. त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. रिक्षा सोडून निघून गेलेली असते, घरच्यांना मूल शाळेत आहे असं वाटत असतं आणि शाळेच्या हजेरीत ते अजून आलेलंच नसतं. त्या वीस मिनिटांत मूल कोणाच्याच ताब्यात नसतं.

अनेक शाळांत चांगली पद्धत आहे, ती सुचवून पाहा. फाटकाशी उशिराची वही ठेवायची. मूल आत येतं, रांगेच्या मागे उभं राहतं. महिन्यात तीनदा नाव आलं की शाळा मुलाला न बोलता घरी फोन करते. वही महिनाअखेरीस पाहिली की बहुतेक नावं एकाच रिक्षाची किंवा एकाच एसटी फेरीची निघतात.

परिपाठ साधारण वीस ते तीस मिनिटांचा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, एखादी बोधकथा, प्रश्नमंजुषा आणि शेवटी मौन किंवा पसायदान. क्रम शाळेगणिक थोडा बदलतो. बऱ्याच शाळांत रोज एक वर्ग परिपाठ सादर करतो. नातवाची पाळी असेल तेव्हा त्याला बातमी पाठ करायला लावू नका, वर्तमानपत्रातून स्वतः निवडायला सांगा. पाठ केलेली बातमी दुसऱ्या वाक्याला अडते आणि मूल रडवेलं होतं.

महाराष्ट्रातल्या मूल्यशिक्षणात दहा मूल्यं धरलेली आहेत : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. शाळांच्या भिंतींवर ती रंगवलेली दिसतात. प्रत्यक्षात शेवटच्या दोन मूल्यांवरच सगळा जोर असतो, कारण ती मोजायला सोपी. पालकसभेत हे जरूर बोला : वक्तशीरपणा यादीत आहे, तशी संवेदनशीलताही त्याच यादीत आहे. आणि स्त्री-पुरुष समानता शिकवायची, तर वर्ग झाडण्याच्या पाळीत मुलांचीही नावं हवीत.

प्रश्न : मुलगी तिसरीत, वजन २२ किलो. दप्तर ४ किलो ३०० ग्रॅम भरलं. शाळा म्हणते आम्ही एवढं मागवतच नाही. – पालक, नाशिक

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तुमच्या मुलीसाठी २ किलो २०० ग्रॅम. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो अशी मर्यादा आहे. पूर्व-प्राथमिकला दप्तरच नको.

शाळेशी बोलण्याआधी एकदा दप्तर रिकामं करून प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ओझ्याचा मोठा भाग पुस्तकांचा नसतो, हे लगेच कळेल. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, वर स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं. चाकं आणि दांडा असलेलं किंवा जाड पुठ्ठ्याचं दप्तर रिकामंच किलोभर भरतं. दोन मजली कंपास, दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा, चित्रकलेची मोठी वही रोजच, आणि ‘असू दे’ म्हणून ठेवलेली मागच्या सत्रातली वही. दोनशे पानी मोठी वही पाव किलोच्या पुढे जाते. तिच्याऐवजी शंभर पानी घेतली आणि संपल्यावर दुसरी दिली, की पाच विषयांत अर्धा किलो सहज उतरतो.

घरचं आवरून झालं की शाळेकडे दोनच गोष्टी मागा. पहिली : पिण्याच्या पाण्याची खात्री. टाकी कधी धुतली त्याची तारीख टाकीवर लिहिलेली असावी. पाण्यावर विश्वास असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पुरते, मूल ती शाळेतच भरून घेतं. दुसरी : रोज आठ विषय न ठेवता जोडतास असलेलं वेळापत्रक आणि वर्गात कपाट किंवा फळी, म्हणजे स्वाध्यायाच्या आणि चित्रकलेच्या वह्या शाळेतच राहतील. ‘आम्ही मागवत नाही’ म्हणणाऱ्या शाळेत वर्गशिक्षिका आयत्या वेळी तास बदलतात आणि वही नसली की ओरडतात. मग मूल सगळंच भरून नेतं. तुमच्याकडे हेच होत असावं, असा आमचा अंदाज.

दप्तर दोन्ही खांद्यांवर, पट्टे आवळलेले, जड पुस्तक पाठीला चिकटून. पट्टे सैल ठेवून दप्तर मांड्यांवर आपटत नेलं, तर दोन किलोही जड होतात.

गृहपाठाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो याच धोरणात आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, रोज नव्हे.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून नुकताच निवडला गेलो. पहिली ते पाचवी, पटावर ६४, हजर साधारण ५५. पोषण आहारात मी नेमकं काय तपासावं? शिवाय गावात बोललं जातं की तांदळात प्लास्टिकचे दाणे आहेत. – समिती सदस्य, यवतमाळ जिल्हा

आधी तांदळाचं, कारण अफवेमुळे मुलं जेवत नाहीत. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रात दाण्याचा आकार देऊन ते बनवतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. रंगाला किंचित वेगळे दिसतात, पाण्यात काही तरंगतात, म्हणून संशय येतो. पालकांसमोर दोन-चार दाणे चिमट्यात धरून जाळून दाखवा. भात करपल्याचा वास येतो, प्लास्टिकसारखं वितळून थेंब पडत नाही. स्वयंपाकी ताईंना सांगा, तरंगणारे दाणे वेचून फेकू नका, तांदूळ चोळून चोळून धुऊ नका आणि पेज काढून टाकू नका. मोजून पाणी घालून भात शिजवला, तर घातलेलं पोषण भातातच राहतं.

आता मापं. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे कच्चं धान्य १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे ५५ मुलांना साडेपाच किलो तांदूळ, १ किलो १०० ग्रॅम डाळ, पावणेतीन किलो भाजी आणि २७५ ग्रॅम तेल. (सहावी ते आठवीचं माप याच्या दीडपट आहे. दोन्ही गट एकत्र जेवत असतील तर हिशेब वेगवेगळा करून बेरीज करावी.) पटावर २६ ते १०० मुलं असतील तर दोन स्वयंपाकी-मदतनीस, त्यामुळे तुमच्याकडे दोघी हव्यात.

गडबड कुठे होते? पहिली जागा हजेरीची. पहिल्या तासाची हजेरी झाल्यावर आकडा स्वयंपाकघरात गेला पाहिजे. तो पटावरून धरला तर अन्न उरतं, कालच्या अंदाजावरून धरला तर कमी पडतं आणि मग आमटीत पाणी वाढतं. दुसरी जागा मापाची. तांदूळ आणि डाळ एकाच डब्यानं मोजली जाते आणि तो डबा कोणी कधी वजन करून पाहिलेला नसतो. एकदा काट्यावर डबाभर तांदूळ, डबाभर तूरडाळ, डबाभर मटकी तोलून डब्यावरच खुणा करा. तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा भाजीची. तांदूळ सरकारकडून येतो, डाळ-तेलाची नोंद होते, भाजी मात्र स्थानिक खरेदीची. त्यामुळे पावणेतीन किलोच्या जागी चार बटाटे आणि एक टोमॅटो असा प्रकार होतो. भाजीची रोजची वजनाची नोंद वेगळ्या रकान्यात मागा, आपोआप सुधारणा होते.

मोड आलेल्या कडधान्यांचा बेत सोमवारी नको. रविवारी शाळा बंद, भिजत घालायला कोणी नाही, मग सोमवारी न भिजवलेले चवळी-वाटाणे दाताखाली येतात आणि पोटं दुखतात. सोमवारी मूगडाळ, मसूरडाळ ठेवा.

पोती भिंतीपासून थोडी लांब, लाकडी फळीवर. आधी आलेलं आधी संपवायचं. पावसाळ्यात आठवड्याला एक पोतं उघडून आत हात घालून पाहा. वर कोरडा तांदूळ आणि तळाशी ढेकळं, असं असू शकतं. वाढण्याआधी एका शिक्षकानं आणि शक्यतो एका पालकानं चव घ्यायची आणि चव नोंदवहीत वेळ घालून सही करायची. महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच झटक्यात केलेल्या दिसल्या, तर चव कोणी घेत नाही हे उघड आहे.

धान्य आलं नाही किंवा स्वयंपाकी नाही म्हणून जेवण बंद राहिलं, तर २०१५च्या नियमांनुसार मुलांना अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवा. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही, तर जबाबदारी निश्चित करावी लागते. म्हणून ‘आज आहार शिजला नाही’ ही नोंद तारीख आणि कारणासह इतिवृत्तात घालाच. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. जेवणाच्या विषयात महिला सदस्यांना नुसत्या सहीपुरतं बोलावू नका, मापातली चलाखी त्यांच्या आधी लक्षात येते.

प्रश्न : वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटायला शाळेनं बंदी केली. असं करता येतं का? – पालक, सांगली

येतं. ही शाळेची स्वतःची पद्धत आहे आणि आम्हाला ती पसंत आहे. वर्गाच्या वाचनपेटीला एक पुस्तक द्या.

प्रश्न : तिसरीतल्या मुलाच्या प्रगतिपत्रकात मराठीत अ-२, गणितात ब-२. गुण किती, नंबर कितवा, काहीच कळत नाही. बाई म्हणतात नापास करतच नाही. मग पाचवीत परीक्षा कशी आली? – पालक, कोल्हापूर

श्रेणींचा तक्ता असा : ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१, त्याखाली इ-२. म्हणजे गणितात तुमच्या मुलाला ६१ ते ७०च्या दरम्यान आहेत. नंबर काढायचा नाही हे या पद्धतीत गृहीतच आहे.

२० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापन ६० गुणांचं आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, ४० गुणांचं, त्यातही ३० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. पहिली-दुसरीला हेच ७०-३० असतं, पाचवी-सहावीला ५०-५०. आकारिक म्हणजे वर्षभरचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, वर्गकार्य. पालक फक्त सत्राअखेरच्या पेपरची तयारी करून घेतात आणि साठ गुणांकडे कोणाचंच लक्ष नसतं, ही इथली नेहमीची गफलत.

पालकभेटीत ‘किती गुण?’ असं विचारू नका. ‘ब-२ मध्ये आकारिकचे किती आणि संकलितचे किती?’ असं विचारा. आकारिक चांगलं आणि लेखी कमी असेल, तर मुलाला येतं पण लिहिण्याचा वेग किंवा प्रश्न वाचून समजणं कमी पडतंय. उलट असेल तर वर्गात काहीतरी अडतंय : फळा दिसत नाही, ऐकू येत नाही, शेजारी जमत नाही. वर्णनात्मक नोंदी पण वाचा. ‘हातच्याच्या वजाबाकीत गोंधळतो’ ही नोंद उपयोगाची आहे. ‘अभ्यासात प्रगती आहे’ अशी नोंद असेल तर बाईंना हसतमुखानं, पण नेमकं विचारा.

पाचवीचं असं. मूळ कायद्यात आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवायचं नव्हतं. २०१९च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची मुभा दिली आणि महाराष्ट्रानं ती २०२३-२४ पासून सुरू केली. विषयात ३५ टक्के लागतात. कमी पडले तर जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा. त्यातही राहिलं तर मूल पाचवीतच बसतं. पण त्या कारणानं त्याला शाळेतून काढता येत नाही. तिसरीतल्या मुलाला आत्तापासून याची भीती घालायचं काही कारण नाही.

प्रश्न : शाळेत दर आठवड्याला गुलाबी गोळी देतात. मुलीला मळमळतं. फेब्रुवारीत आणखी एक गोळी देतात ती कसली? नाही म्हणता येतं का? – पालक, नंदुरबार

गुलाबी गोळी लोह आणि फॉलिक अॅसिडची, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी : ४५ मिलिग्रॅम लोह, ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. मोठ्या मुलांना निळी मिळते. मळमळ जवळपास नेहमी उपाशीपोटी घेतल्यामुळे होते. ती आहारानंतरच द्यायची असते, परिपाठानंतर लगेच नव्हे. बाईंना एवढं सांगून पाहा. शौचाला काळपट होणं नेहमीचं आहे. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा चालतो.

फेब्रुवारीतली गोळी जंतांची, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन, दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. पोटात जंत जास्त असतील तर थोडं दुखणं, एखादी उलटी होऊ शकते आणि ती त्या दिवसात थांबते. त्या दिवशी ताप किंवा आजारपण असेल तर गोळी घेऊ नये, नंतरच्या राखीव दिवशी मिळते.

नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा आणि कारण लिहा. तुमच्या भागात एक गोष्ट महत्त्वाची आहे : मुलीला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ती नोंद दर जूनमध्ये वर्गशिक्षिकेकडे नव्यानं द्या, कारण वर्ग बदलला की चिठ्ठी मागच्या वर्गात राहते.

प्रश्न : शाळेची बस नाही, खाजगी व्हॅन आहे. शाळा म्हणते आमचा संबंध नाही. – पालक, पिंपरी-चिंचवड

संबंध आहे. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी. गेल्या बैठकीचं इतिवृत्त मागा, बाकी बोलणं त्यातून सुरू होतं.

तुम्ही स्वतः पाहण्यासारख्या गोष्टी : नंबरप्लेट पिवळी आहे का (पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्यानं मुलं नेणं बेकायदा आहे आणि अपघातात विम्याचा दावा अडतो), परवाना आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत, बसायच्या जागा आणि प्रत्यक्ष मुलं, सिलिंडरवर सीट टाकलेली नाही ना. मुली असतील तर महिला मदतनीस. काकांची रजा असते त्या दिवशी गाडी कोण चालवतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो पहिला विचारा.

मूल उतरताना ते कोणाच्या हाती द्यायचं, त्या दोन किंवा तीन माणसांची नावं, फोटो आणि फोन नंबर शाळेकडे आणि चालकाकडे दोन्हीकडे द्या. ‘आज मामा येतील’ असा नुसता फोन आला तर मूल सोडायचं नाही, असं दोघांनाही सांगून ठेवा. मामांना राग आला तर येऊ द्या.

प्रश्न : शाळेतल्या एका कर्मचाऱ्याच्या वागण्याबद्दल मुलीनं घरी काही सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात आधी आम्ही चौकशी करतो, बाहेर बोलू नका. (नाव-गाव छापू नये)

थांबू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२, त्यानुसार असा प्रकार कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनंही. ‘आधी आमची चौकशी’ अशी पायरी त्यात नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखानं न कळवल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ऑगस्ट २०२४च्या शासन निर्णयानुसार शाळेनं २४ तासांत शिक्षण विभागालाही कळवायचं असतं.

मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका. तिनं वापरलेलेच शब्द, तारीख, वेळ लिहून ठेवा. शाळेसमोर तिला त्या माणसापुढे उभं करू देऊ नका. जवळचं पोलीस ठाणे किंवा १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक. जबाब घरी किंवा मुलीला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तसं मागा.

बाकी पालकांसाठी : शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तिची नावं फलकावर आहेत का आणि तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, हे आजच पाहून घ्या.

प्रश्न : विनाअनुदानित शाळेनं जूनमध्ये अचानक फी वाढवली. पालक-शिक्षक संघ आहे म्हणतात, पण आम्हाला कधी बोलावलं नाही. – पालक, ठाणे

हा २०११च्या शुल्क नियमन कायद्याचा विषय आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, शाळेनं बोटानं दाखवून नव्हे. फीवाढीचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे यावा लागतो आणि ठरलेली फी दोन वर्षं कायम राहते. म्हणजे ‘जूनमध्ये अचानक’ हेच मुळात चुकीचं.

आधी तीन कागद लेखी मागा : संघाच्या सभेची सूचना, चिठ्ठ्यांचं इतिवृत्त, फीला मंजुरी दिलेला ठराव. मंजूर फी सूचना फलकावर लावणंही बंधनकारक आहे, तिचा फोटो काढा. तक्रारीसाठी २०१८-१९च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. इथेच बहुतेक तक्रारी गळतात, कारण गटावर दोनशे अंगठे उठतात आणि अर्जावर सह्या अकरा. वर्गवार एकेक माणूस ठरवून सह्या गोळा करा. फी भरली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवलं, तर तो प्रश्न फीचा राहत नाही, वर सांगितलेल्या कलम १७चा होतो.

प्रश्न : बदलीमुळे सोलापूरहून पुण्याला आलो. जुनी शाळा दाखला देत नाही, नवी शाळा दाखल्याशिवाय घेत नाही. शिवाय आधारवर आणि शाळेत नावाचं स्पेलिंग वेगळं आहे. – पालक, पुणे

कलम ५ दोन्ही शाळांना लागू आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, टाळाटाळ केली तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखला यायला उशीर झाला, या कारणानं नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवून घ्या, कागद मागून येतील. नव्या शाळेला अर्ज देताना पोच घ्या.

हल्ली कागदी दाखल्याइतकीच अडचण यू-डायस पोर्टलवर, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत होते. जुन्या शाळेनं मुलाला तिथून मोकळं केल्याशिवाय नव्या शाळेच्या यादीत त्याचं नाव चढत नाही. म्हणून दाखला मागताना मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांकही मागून घ्या आणि पोर्टलवरून नाव सोडल्याची तारीख विचारा.

नावाची दुरुस्ती मूल शाळेत शिकत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्यावर ती फार किचकट होते. मूळ धरायचा तो जन्मदाखला. आधी आधार त्याच्याशी जुळवा, मग जन्मदाखला जोडून मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टरमधल्या दुरुस्तीचा अर्ज द्या. उलट क्रमानं केलं तर दोनदा खेटे पडतात. आडनावाच्या स्पेलिंगमधलं एखादं जादा ‘ए’ आणि वडिलांच्या नावापुढचं ‘राव’ कुठे आहे, कुठे नाही, हे तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. ती मुलं २०३०च्या सुमारास पहिलीत येतील, तुमच्या मुलाला तो बदल लागू नाही. कोणी सांगितलं तरी अर्ज बदलू नका.